मुलांचा मोबाइल : निगराणी की हेरगिरी?



जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर पालक इमामाला गाठून जे प्रश्न विचारतात, त्यांचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पालटले आहे. पूर्वी वडील विचारत, ‘मौलाना, मुलगा नमाजला येत नाही, काय करावे?’ आता ते आवाज खाली आणून विचारतात, ‘मुलगा झोपल्यावर त्याचा मोबाइल उघडून पाहिला तर गुनाह होईल का?’ आईचा प्रश्न घरातून निरोपाने येतो आणि तो एक पाऊल पुढचा असतो. मुलीच्या नकळत तिच्या फोनमध्ये असे ॲप टाकता येते की तिचे सगळे मेसेज आईच्या फोनवर दिसू लागतात. ते टाकून घ्यावे काय?

वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नामागची भीती खोटी नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाल्या, वर्ग ऑनलाइन झाले आणि ज्या घरांत एकच मोबाइल होता तिथेही उसनवारी करून दुसरा आला. शाळा पुन्हा भरल्या, पण तो मोबाइल मुलांच्या हातातून परत आला नाही. साताऱ्याच्या सदर बाजारात काय, मिरजेत काय किंवा विट्याजवळच्या एखाद्या खेड्यात काय, घराघरांत चौदा-पंधरा वर्षांचे मूल रात्री अकरा वाजता चादरीखाली कुणाशी बोलत आहे, हे आई-वडिलांना ठाऊक नसते. म्हणून ते विचारतात. पण ‘पाहा’ किंवा ‘पाहू नका’ एवढे एका शब्दाचे उत्तर देऊन त्यांना वाटेला लावणे मला योग्य वाटत नाही, कारण या प्रश्नात शरीअतच्या दोन आज्ञा समोरासमोर उभ्या राहिल्यासारख्या दिसतात.

पहिली आज्ञा सूरह अल्-हुजुरातमधील आहे. बाराव्या आयतीत अल्लाहने ईमानधारकांना तीन गोष्टींपासून रोखले आहे : वाईट संशय, तजस्सुस आणि गीबत. तजस्सुस म्हणजे दुसऱ्याचे झाकलेले उकरून पाहणे, पाळतीवर राहणे. या तिघांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. आधी मनात संशय येतो, संशय माणसाला पाळतीवर बसवतो आणि पाळतीतून जे हाती लागते ते चारचौघांत बोलले जाते. मुलीचा फोन चोरून वाचलेली आई ते आधी बहिणीला सांगते, बहीण जावेला सांगते आणि आठवडाभरात ते मुलीच्या कानावर येते. हा अनुभव आपल्या मोहल्ल्यांना नवा नाही.

दुसरी आज्ञा बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील प्रसिद्ध हदीसमधील आहे. प्रत्येक जण राई, म्हणजे मेंढपाळ आहे आणि आपल्या कळपाविषयी त्याला जाब विचारला जाईल. पुरुषाला घराविषयी, स्त्रीला घर आणि मुलांविषयी. म्हणजे मुलांकडे डोळेझाक करण्याची मुभा आई-वडिलांना नाही. ‘आजकालची मुले ऐकतात कुठे’ असे म्हणून कियामतच्या दिवशी सुटका होणार नाही.

आता या दोहोंची संगती कशी लावायची? मला वाटते, तिची किल्ली ‘राई’ या शब्दातच आहे. माण-खटावच्या माळावर मेंढरे राखणारा धनगर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो झुडपाआड लपून मेंढरांवर नजर ठेवत नाही. खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन तो उघड्यावर उभा असतो आणि मेंढरांना तो दिसत असतो. शिवाय त्याला माळ ठाऊक असतो. लांडगा कोणत्या ओढ्यातून येतो, कुठल्या शेताच्या बांधावर फवारणी झाली आहे, पाणी कुठे आहे हे तो जाणतो. आपल्यापैकी किती पालकांना इन्स्टाग्रामचा माळ ठाऊक आहे? तिथे अनोळखी माणूस मुलाला संदेश कसा पाठवतो, खाते खासगी कसे करतात, खेळाच्या ॲपमध्येही गप्पांची खिडकी असते हे किती जणांना माहीत आहे? माळ शिकून घेण्याचे कष्ट टाळायचे आणि मेंढराच्या गळ्यात गुपचूप घंटा बांधायची, याला राखण म्हणता येणार नाही.

मदरशात शिकताना हजरत उमर (रजि.) यांचा एक प्रसंग ऐकला होता, इमाम गझाली यांनी तो इह्या उलूमुद्दीनमध्ये दिला आहे. मदिनेत रात्री गस्त घालताना एका घरातून संशयास्पद आवाज आला, म्हणून खलीफा भिंत ओलांडून आत उतरले आणि आतल्या माणसाला गुनाह करताना पकडले. तो माणूस म्हणाला, माझा अपराध एक असेल तर तुमचे तीन झाले : अल्लाहने पाळत ठेवण्यास मनाई केली असता तुम्ही पाळत ठेवली, दारातून येण्याची आज्ञा असता भिंतीवरून आलात आणि परवानगी व सलाम यांशिवाय घरात शिरलात. उमर (रजि.) निरुत्तर झाले आणि पुन्हा असे न करण्याचे वचन त्याच्याकडून घेऊन परत फिरले. या गोष्टीत त्या माणसाचा गुनाह हलका ठरवलेला नाही. भिंतीवरून उतरणाऱ्याला, मग तो खलीफा का असेना, सुधारण्याचा अधिकार उरत नाही, एवढेच तीत दिसते.

कुणी म्हणेल, परक्याच्या घराची गोष्ट वेगळी आणि पोटच्या मुलाची वेगळी. अंशतः खरे आहे. पण सूरह अन्-नूरच्या ५८ आणि ५९ व्या आयती नीट वाचा. लहान मुलांनी तीन वेळांना, फजरपूर्वी, दुपारच्या विश्रांतीला आणि इशानंतर, परवानगी घेऊन आत यावे आणि तीच मुले वयात आली की मोठ्यांप्रमाणे प्रत्येक वेळी परवानगी घ्यावी, असे तिथे शिकवले आहे. घरातल्या घरात, रक्ताच्या नात्यांतही एक दार असते आणि वयात येणे म्हणजे त्या दाराची जाणीव होणे. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये एका माणसाने पैगंबरांना (स.) विचारल्याची नोंद आहे की, आईच्या खोलीत जातानाही परवानगी घ्यावी काय, उत्तर होकारार्थी होते. जे दार मुलाने आईसाठी पाळायचे, ते वयात आलेल्या मुलासाठी आईने अजिबात पाळू नये, हे तर्काला धरून नाही. अबू दाऊदमधील एका हदीसचा आशयही इथे लागू पडतो : लोकांची व्यंगे शोधत फिरलात तर तुम्ही त्यांना बिघडवाल. ज्या मुलाला कळते की आपल्यावर लपून पाळत आहे, तो सुधारत नाही, तर दुसरे खाते उघडतो. तेराव्या वर्षी हे तंत्र त्याला आपल्यापेक्षा चांगले येते.

म्हणून माझे उत्तर असे आहे. मुलाला आधी सांगून, त्याच्या समोर बसून फोन पाहणे ही निगराणी आहे आणि ती आई-वडिलांचे कर्तव्य आहे. त्याच्या नकळत मेसेज वाचणे किंवा लपवलेले ॲप टाकणे हा तजस्सुस आहे आणि तो टाळावा. पालकांसाठी असलेली जी ॲप आहेत, उदाहरणार्थ गुगलचे फॅमिली लिंक, ती मुलाला दाखवून, त्याच्या देखत बसवावीत. इन्स्टाग्रामनेही अठरा वर्षांखालील मुलांसाठी वेगळी बंधने असलेली खाती भारतात २०२५ पासून सुरू केली आहेत. खरे वय घातले तरच त्यांचा उपयोग होतो. मुलाचे वय आपणच वाढवून घालून खाते उघडून देणारे अब्बाही मी पाहिले आहेत. डिजिटल सुरक्षेचा पहिला धडा खोटे बोलून द्यावा, याला काय म्हणावे?

याला एक अपवाद आहे. अल्-मावर्दी यांनी मुहतसिबाच्या, म्हणजे बाजारावर आणि सार्वजनिक आचरणावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या कर्तव्यांची चर्चा करताना लिहिले आहे की पाळत निषिद्ध खरी, पण कुणाचा जीव किंवा अब्रू अशा रीतीने जाण्याची ठोस चिन्हे असतील की मागाहून भरपाई शक्य नाही, तर शोध घेता येतो. हा निकष आपल्या घरालाही लावता येईल. मूल फोन वाजला की दचकते, जेवण सोडले आहे, घरातून पैसे नाहीसे होत आहेत, मरणाची भाषा करते आहे. अशा वेळी परवानगीची वाट पाहत बसू नये. फोन उघडावा आणि त्याच दिवशी मुलाला सांगावे की तो उघडला, का उघडला. निव्वळ शंका किंवा शेजाऱ्याची चहाडी हे ठोस चिन्ह नव्हे.

आता सांगली जिल्ह्यातीलच एक उदाहरण पाहू. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने २०२२ साली एक ठराव केला. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी महिलांची सभा बोलावली गेली, सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला आणि ठरले की रोज संध्याकाळी सात वाजता गावाच्या देवळावरचा भोंगा वाजेल. तो वाजला की साडेआठपर्यंत दीड तास घराघरांतील टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. सुरुवातीला हे लोकांच्या पचनी पडले नाही. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. भोंगा म्हटले की हल्ली आपल्याला दुसरेच वाद आठवतात. या भोंग्याने मात्र सगळ्या गावाला एकाच वेळी गप्प बसवून बोलते केले.

या उपक्रमाची वर्तमानपत्रांनी खूप वाखाणणी केली ती मुलांच्या अभ्यासासाठी. मला त्यात दुसरी गोष्ट मोलाची वाटते. भोंगा वाजला की वडिलांचाही मोबाइल बंद होतो आणि आईची मालिकाही. नियम उघड आहे, सर्वांना ऐकू येतो आणि सर्वांना सारखाच लागू आहे. त्यात पाळत नाही, म्हणून अपमानही नाही. आपल्या घरांत मुलाच्या हातून फोन काढून घेणारे अब्बा स्वतः दस्तरख्वानावर डाव्या हाताने रील सरकवत असतात. सूरह अस्-सफ्फच्या सुरुवातीलाच अल्लाहने ईमानधारकांना जो प्रश्न विचारला आहे, करत नाही ते का बोलता, तो या दस्तरख्वानावर विचारायला हवा.

आणि वेळ पाहा. ऑगस्टमध्ये आपल्याकडे मगरिब सातच्या सुमारास होते, डिसेंबरमध्ये सहा वाजता. मगरिब ते इशा हा काळ पैगंबरांनी (स.) मुलांना घरात घेण्याचा सांगितला आहे, अंधार पडताच मुलांना आवरा, असा त्या हदीसचा आशय आहे. आज मुले शरीराने घरात असतात, पण मोबाइल घेऊन सगळ्या जगाच्या अंधारात हिंडत असतात. आपल्याला नवा भोंगा बसवण्याची गरज नाही. मगरिबची अजान झाली की घरातले सगळे फोन एका टोपलीत आणि इशा पढून आल्यावर बाहेर, एवढे प्रत्येक घर करू शकते. टोपलीत पहिला फोन वडिलांचा पडावा. ज्यांचे वडील गलाईच्या व्यवसायानिमित्त परराज्यांत किंवा नोकरीसाठी आखातात आहेत, त्यांनी बोलण्याची वेळ इशानंतर ठरवून घ्यावी.

हे झाले वेळेचे. पण फोनमधून जे संकट येते ते दीड तास फोन बंद ठेवून टळत नाही, आणि आपल्या समाजाच्या मुलांवर येणाऱ्या संकटाला एक वेगळी धार आहे. २०२३ साल आठवा. जूनमध्ये कोल्हापुरात काही तरुण मुलांनी ठेवलेल्या स्टेटसवरून शहर पेटले. १० सप्टेंबरच्या रात्री सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त होऊन जमावाने मशिदीवर आणि दुकानांवर हल्ला केला. एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्याचे इंटरनेट बंद करावे लागले. त्याच्या आदल्याच महिन्यात साताऱ्यात एका अल्पवयीन मुस्लिम मुलाच्या इन्स्टाग्राम खात्यावरून असाच मजकूर प्रसृत झाला होता आणि तो दुसऱ्याच तरुणाने त्या मुलाचे खाते वापरून टाकल्याचे पोलिसांच्या तपासात पुढे आले.

जमावाने जे केले त्याचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही. न्याय न्यायालयात व्हायला हवा. परंतु आपल्या मुलांशी बोलताना या घटनांतील दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतील. पासवर्ड ही अमानत आहे. तो जिगरी दोस्तालाही देऊ नये, ऑनलाइन ओळख झालेल्या मैत्रिणीला तर नाहीच. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करायला पाच मिनिटेही लागत नाहीत; आज रात्रीच मुलासोबत बसून ती करून घ्या. खाते आपल्या हातातून गेल्याचे लक्षात येताच स्क्रीनशॉट काढून त्याच दिवशी पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी, कारण मागाहून दिलेले स्पष्टीकरण कुणी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट कडू आहे. शेजाऱ्याला डिवचण्यासाठी स्टेटस ठेवणे हे दीनचे रक्षण आहे असे मुलांना वाटत असेल, तर ते त्यांना कुणीतरी चुकीचे शिकवले आहे. सूरह अल्-अन्आमच्या १०८ व्या आयतीत इतरांच्या उपास्यांना अपशब्द बोलण्यास मनाई आहे आणि कारणही दिले आहे : उलट ते अज्ञानाने अल्लाहला अपशब्द बोलतील. म्हणजे आपल्या शब्दाच्या परिणामाची जबाबदारी आपल्यावर आहे. आणि आलेला मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी खातरजमा करा, हा हुजुरातच्या सहाव्या आयतीचा हुकूम मोठ्यांनाही आहे. कौटुंबिक ग्रुपवर पहाटे पाच वाजता अफवा पाठवणारे बहुधा साठीच्या पुढचेच असतात.

आता ज्या संकटाविषयी पालक विचारतही नाहीत, कारण मुले त्यांना सांगतच नाहीत, त्याकडे वळतो. एखाद्या मुलीच्या नावाने मैत्रीची विनंती येते. दोन दिवस गोड बोलणे, मग व्हिडिओ कॉल, समोरून अश्लील दृश्य आणि मुलालाही तसेच करण्याचा आग्रह. इकडे सगळे रेकॉर्ड होते. पाच मिनिटांत धमकी येते : पैसे दे, नाहीतर तुझ्या नातेवाइकांना पाठवतो. त्यांची यादी मुलाच्याच खात्यावरून काढलेली असते. मुलींच्या बाबतीत फोटो मॉर्फ करूनही हेच केले जाते. मुलीने काहीही केलेले नसते, तरी ती घाबरते, कारण घरात तिच्यावर विश्वास ठेवला जाईल याची तिला खात्री नसते. धमकावणारा नेमक्या याच गोष्टीवर जगतो. मूल आई-वडिलांना सांगणार नाही, हे त्याचे भांडवल आहे.

अशा मुलाशी कसे बोलावे? मुस्नद अहमदमध्ये हजरत अबू उमामा (रजि.) यांची एक रिवायत आहे. एक तरुण भर सभेत पैगंबरांकडे (स.) आला आणि त्याने चक्क व्यभिचाराची परवानगी मागितली. लोक त्याच्यावर धावून गेले. पैगंबरांनी (स.) त्याला जवळ बोलावले, बसवले, तुझ्या आईसाठी, मुलीसाठी, बहिणीसाठी तुला हे आवडेल का, असे एकेक विचारत त्याच्याच तोंडून उत्तर काढले आणि मग त्याच्यावर हात ठेवून त्याच्यासाठी दुआ केली. या रिवायतीत सर्वांत विलक्षण मला हे वाटते की तो तरुण आपली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट घेऊन पैगंबरांकडेच आला. त्याला माहीत होते की तिथे आपल्याला हाकलले जाणार नाही. आपल्या घरात मुलाला ही खात्री आहे काय? मुलाचा फोन गुपचूप वाचून आई-वडील कदाचित दहा गोष्टी शोधून काढतील, पण ही खात्री घालवून बसतील. आणि ज्या रात्री मूल खरोखर बुडत असेल, त्या रात्री ते त्यांच्या खोलीचे दार वाजवणार नाही.

मूल सांगायला आले, तर पहिल्या तासात काय करावे ते लक्षात ठेवा. हात उचलू नका. पैसे पाठवू नका. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट, खात्याचे नाव, फोन नंबर आणि पैसे मागितले तो यूपीआय जपून ठेवा, मग त्याला ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा; जितका उशीर, तितकी रक्कम थांबवणे अवघड. सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. मूल अठराच्या आतील असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा त्याच्या बाजूला आहे आणि त्याची ओळख उघड करण्यास मनाई आहे. ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सेवा आहे. अल्पवयीनांची अशी छायाचित्रे कुठे पसरू नयेत म्हणून ती छायाचित्राची एक प्रकारची सांकेतिक खूण तयार करते आणि त्यात सहभागी झालेल्या कंपन्या त्या खुणेवरून ते अडवतात. छायाचित्र मुलाच्या फोनमधून बाहेर जात नाही.

आणखी एक. ‘बघा, अमक्याच्या मुलीचे काय झाले’ म्हणून असे छायाचित्र मामूंना, चाचांना किंवा जमातीच्या जबाबदार मंडळींना पुढे पाठवू नका. मुलांचे अश्लील चित्रण पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे आणि शरीअतमध्ये जी सतर, दुसऱ्याची अब्रू झाकणे, मोठी नेकी आहे, तिची ती पायमल्ली आहे. पुरावा पोलिसांना दाखवावा. मोहल्ल्याला नव्हे.

शेवटचा प्रश्न उरतो, ही निगराणी कधीपर्यंत? इथे सूरह अन्-निसाच्या सहाव्या आयतीचा आधार घ्यावासा वाटतो. ती अनाथांच्या मालमत्तेविषयी आहे. पालकाने अनाथांना पारखत राहावे आणि ते वयात येऊन त्यांच्यात रुश्द, म्हणजे समजूतदारपणा दिसला की त्यांची मालमत्ता त्यांच्या हवाली करावी. पारखणे म्हणजे थोडे थोडे सोपवून पाहणे. हनफी फुकहांनी याचा अर्थ छोटे व्यवहार करू देणे असाही घेतला आहे. मोबाइलचेही तसेच करता येईल. आठवी-नववीत फोन घराचा, मुलाचा नव्हे. तो दिवाणखान्यात वापरायचा आणि रात्री तिथेच चार्जिंगला लागायचा. दहावीनंतर स्वतःचे खाते, पण महिन्यातून एकदा अम्मी किंवा अब्बांसोबत बसून मित्रांची यादी आणि सेटिंग पाहायचे. मुलाने नको म्हटलेले खासगी बोलणे, त्यात धोक्याचे चिन्ह नसेल तर, न उघडता सोडून द्यायचे. बारावीपर्यंत तो स्वतःहून विचारू लागला की ‘अब्बा, ही लिंक खरी आहे का बघा,’ तर रुश्द दिसू लागला असे समजावे. मग एके दिवशी त्याला सांगावे की आता पासवर्ड बदल आणि तो आम्हाला सांगू नकोस.